जुन्या ब्लूजच्या गोलाईसाठी ॲम्पमध्ये कोणत्या ट्यूबा घालाव्यात?

रविवारचा गिटारवाला, पुणे

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे पंधरा वॉटचा एक छोटा ट्यूब ॲम्प आहे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा. प्रीॲम्पला (गिटारचा क्षीण संकेत आधी वाढवणाऱ्या भागाला) तीन १२एएक्स७, आउटपुटला (स्पीकर हलवणाऱ्या भागाला) दोन ईएल८४ अशा ट्यूबा, भिंतीतली वीज एकदिश करणारा डायोडचा रेक्टिफायर आणि बारा इंचांचा एकच स्पीकर, असा त्याचा संसार आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी अडचण ॲम्पमुळे आहे की माझ्या अज्ञानामुळे, हेच अजून ठरलेले नाही. गिटार अर्धपोकळ आणि हंबकर (दुहेरी कॉइलच्या) पिकअपची आहे.

मला हवा असलेला आवाज १९५०च्या दशकातील शिकागोच्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येतो. मडी वॉटर्स आणि त्यांच्या पिढीतील गिटारवादकांचा सूर छेडल्याबरोबर किंचित दबतो, मग फुगून वर येतो, आणि जोर लावला तर त्याच्या कडेला थोडी खर येते. पण ती खर कानाला टोचत नाही. ज्याला सगळे वॉर्म टोन म्हणतात त्याला ‘गोलाई’ हा शब्द मला जवळचा वाटतो. माझ्या ॲम्पची खर मात्र तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचरते, आणि सूर विरत असताना तर ती सुरापासून सुटी होऊन वेगळीच ऐकू येते. ट्रेबल कमी केल्याने चरचर जात नाही, फक्त तिच्यावर गोधडी टाकल्यासारखे होते.

आमची इमारत जुनी असून भिंती पातळ आहेत, म्हणून मी व्हॉल्यूम आठवर आणि मास्टर दोनवर ठेवून वाजवतो. ट्यूबा ॲम्पबरोबर आल्या त्याच आहेत. त्या किती वाजल्या आहेत, हे पहिल्या मालकालाही सांगता आले नाही.

मुलार्ड या ब्रिटिश कंपनीच्या, जुन्या साठ्यातील न वापरलेल्या ट्यूबा घेतल्या तर हा आवाज मिळेल, असे एका मित्राचे ठाम मत आहे. दुसरा मित्र म्हणतो की प्रीॲम्पच्या पहिल्या जागी १२एवाय७ किंवा ५७५१ घाल, तेवढे पुरे. मला स्वतःला असे वाटत होते की जुन्या अमेरिकन ॲम्पमध्ये ६व्ही६ असायच्या, तर ईएल८४ काढून त्याच बसवाव्यात. यांपैकी कशावर पैसे घालवावेत? माझी मर्यादा आठ हजार रुपयांची आहे. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत दोन दुकानांत ट्यूब मागितली, तर पहिल्याने ट्यूबलाइट पुढे केली आणि दुसऱ्याने तिचा स्टार्टर.

व्हॉल्व्हदुरुस्ती, दादर

नमस्कार. मी चाळीस वर्षे रेडिओ आणि ॲम्प दुरुस्त करतो आहे, त्यामुळे तुमची ‘ट्यूब’ माझ्या तोंडी ‘व्हॉल्व्ह’च राहील. जुन्या दुकानदाराशी बोलताना तुम्हीही हाच शब्द वापरून पाहा. ट्यूबलाइट पुढे येणार नाही.

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपण स्वतःच लिहिले आहे, ते म्हणजे व्हॉल्यूम आठ आणि मास्टर दोन. या मांडणीत पिकअपचा संकेत प्रीॲम्पच्या पहिल्या दोन टप्प्यांत इतका वाढतो की तिथेच त्याचा माथा छाटला जातो, आणि मग मास्टरने त्याला इतके बारीक केले जाते की ईएल८४पर्यंत जेमतेम कुजबुज पोहोचते. म्हणजे आउटपुटचे व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जवळजवळ झोपलेले असतात, स्पीकरचा कागद हलत नाही, आणि तुम्ही ऐकता ती फक्त छोट्या व्हॉल्व्हची चरचर. तुम्ही सांगता त्या काळातील बहुतेक ॲम्पना मास्टर नावाचे बटणच नव्हते. एकच व्हॉल्यूम असायचा, तो वर नेला की सगळे टप्पे एकत्र तापायचे, वीजपुरवठा थोडा खचायचा, आणि तुम्ही ज्याला दबणे आणि फुगणे म्हणता ते त्या खचण्यातून आणि सावरण्यातून यायचे.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एका दुपारी, शेजारी कामावर गेलेले असताना, मास्टर पूर्ण वर न्या आणि व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू तीन-चारपर्यंत आणा. जी खर ऐकू येईल ती आउटपुटची असेल. ती तुम्हाला आवडली, तर तुमचा ॲम्प योग्य आहे आणि आता प्रश्न फक्त ती खर कमी आवाजात कशी मिळवायची, एवढाच उरतो. ती आवडली नाही, तर मुलार्ड घेऊनही आवडणार नाही.

आता व्हॉल्व्हचे. १२एएक्स७, ५७५१ आणि १२एवाय७ यांच्या पिनांची मांडणी एकच आहे, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी निर्धास्त बसतात. फरक विवर्धनाचा, म्हणजे संकेत किती पट वाढतो याचा आहे. १२एएक्स७चा विवर्धनांक १००, ५७५१चा ७० आणि १२एवाय७चा ४०च्या थोडा वर असतो. यावरून अनेकांचा असा समज होतो की १२एवाय७ घातला की आवाज निम्म्याहूनही कमी होईल. प्रत्यक्षात व्हॉल्व्हचा अंतर्गत रोधही मोजावा लागतो. प्लेटला (व्हॉल्व्हच्या आतील, वाढलेला संकेत जिथून बाहेर येतो त्या पत्र्याला) एक लाख ओहमचा रोध असलेल्या नेहमीच्या टप्प्यात १२एएक्स७ संकेत सुमारे साठ पट वाढवतो, ५७५१ पंचेचाळीसच्या आसपास आणि १२एवाय७ पस्तीसच्या आसपास. डेसिबलमध्ये सांगायचे तर ५७५१मुळे तीनाच्या आसपास आणि १२एवाय७मुळे पाचाच्या आसपास घट होते. ही घट पहिल्याच जागी केली की पुढच्या टप्प्यावर पडणारा मारा कमी होतो, व्हॉल्यूमच्या बटणाला फिरायला जागा मिळते, आणि छाटणी उशिरा व हळूहळू सुरू होते. गोलाई म्हणतात ती बऱ्याच अंशी हीच.

हंबकर असलेल्या गिटारसाठी मी प्रथम ५७५१ सुचवेन. १२एटी७ मात्र पहिल्या जागी घालू नका. त्याचा विवर्धनांक ६० असल्यामुळे तो कागदावर मधला पर्याय वाटतो, पण तो जास्त प्रवाहावर काम करण्यासाठी बनलेला आहे. १२एएक्स७साठी ठरवलेल्या रोधांवर तो नीट बसत नाही आणि आवाज कोरडा, ताठर होतो. तसेच कोणी ६डीजे८ घालायला सांगितले तर हात जोडा. त्याच्याही पिना नऊच असतात, परंतु तापतंतूची जोडणी वेगळी असते.

ईएल८४च्या जागी ६व्ही६ बसणार नाही. एकाचे बूड नऊ पिनांचे, दुसऱ्याचे आठ पिनांचे. सॉकेट, बायस (शांत असताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणारी जुळणी) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर सगळेच बदलावे लागेल. तेवढ्या खटाटोपापेक्षा दुसरा ॲम्प परवडेल. शिवाय ईएल८४ला नावे ठेवण्याचे कारण नाही. एकेकाळी आपल्याकडच्या घराघरांतील मोठ्या रेडिओंत तोच गात असे, आणि त्या रेडिओच्या आवाजाला कर्कश म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

व्हॉल्व्ह बदलताना ॲम्पची वायर भिंतीतून काढा, अर्धा तास थांबा, आणि व्हॉल्व्ह सरळ रेषेत, किंचित डोलवत ओढा, पिळू नका. नवा बसवताना नऊ पिनांमधील मोकळी जागा सॉकेटच्या मोकळ्या जागेसमोर आली आहे, याची खात्री करा. चॅसिस, म्हणजे आतली धातूची पेटी, उघडू नका, कारण वायर काढल्यानंतरही आतल्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात. स्पीकरची वायर काढलेली असताना ॲम्प कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला तर आपले आठ हजार त्यालाच पुरणार नाहीत.

एडिसनकर, न्यू जर्सी

व्हॉल्व्हकाकांनी सांगितले ते अगदी खरे आहे. मी फक्त १२एवाय७ची बाजू थोडी मांडतो, कारण माझे त्याच्यावर प्रेम आहे.

हा काही कोणा हौशी माणसाने शोधलेला तोडगा नाही. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातील, ट्वीड नावाच्या पिवळसर कापडात गुंडाळलेल्या ॲम्पमध्ये तो मुळातच होता. ५ई३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिलक्समध्ये पहिली ट्यूब १२एवाय७, दुसरी १२एएक्स७, आउटपुटला दोन ६व्ही६ आणि रेक्टिफायरला ५वाय३ असे. चार दहा इंची स्पीकर असलेल्या ५एफ६-ए बासमनमध्येही पहिल्या जागी १२एवाय७च होती. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानातील मंडळींनी याच बासमनवरून आपला पहिला ॲम्प बांधला, तेव्हा पहिल्या जागी ईसीसी८३ आली, म्हणजेच १२एएक्स७चे युरोपीय नाव. सर्किट जवळपास तेच राहिले. स्पीकर, ट्रान्सफॉर्मर असे इतर बदल होते हे मान्य, पण एक बासमन ब्लूजसाठी ओळखला गेला आणि त्याच्याच वंशातून पुढे रॉकचा आवाज निघाला, यात त्या पहिल्या सॉकेटचा वाटा निश्चित आहे.

माझ्याकडे सुट्या भागांतून स्वतः बांधलेला ५ई३ आहे. त्यात एकदा कुतूहल म्हणून १२एएक्स७ घातली, तर व्हॉल्यूम तीनवर नेताच आवाज चिखलात रुतल्यासारखा झाला. १२एवाय७ परत घातल्यावर तोच ॲम्प पाचपर्यंत मोकळा बोलला आणि सहावर त्याला कंठ फुटला. मात्र रविवारकर, तुमच्या ॲम्पमध्ये १२एवाय७ घातल्याने त्याचा ५ई३ होणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ५ई३मध्ये आउटपुटपासून मागे फिरवलेला निगेटिव्ह फीडबॅक नाही, आउटपुटचा बायस कॅथोडच्या रोधावर ठरतो, आणि ५वाय३ रेक्टिफायर बराच व्होल्ट खातो. हे सगळे मिळून तो स्पंजासारखा दबतो. तुमच्या डायोड रेक्टिफायरकडून तेवढा दबाव मिळणार नाही.

आमच्या गावातील हार्मोनिका वाजवणारी मंडळी तर १२एवाय७च्याही खाली, १२एयू७पर्यंत जातात, कारण मायक्रोफोन हातात धरून ॲम्पसमोर उभे राहिले की जास्त गेनमुळे (विवर्धनामुळे) शिट्टी सुरू होते. गिटारला तेवढे खाली जाण्याची गरज नाही. १२एयू७ने गिटार फारच भिडस्त वाटते.

आता मुलार्डविषयी, स्वतः फसल्यामुळे. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ब्लॅकबर्नच्या कारखान्यातील म्हणून दोन ईसीसी८३ घेतल्या. पाकीट जुनाट, खोक्याचे कोपरे झिजलेले, काचेवर पांढरी अक्षरे. घरी आणून एकीवर ओला बोळा फिरवला, तर कंपनीचे नाव बोळ्यावर उतरले. जुन्या ट्यूबांवरचीही छपाई पुसली जाते, म्हणून मी तेवढ्यावर थांबलो नाही. अस्सल मुलार्डच्या काचेवर बुडाजवळ दोन ओळींचा बारीक संकेत कोरल्यासारखा असतो. पहिल्या ओळीत ट्यूबचा प्रकार आणि दुसरीच्या सुरुवातीला कारखान्याचे अक्षर, जे ब्लॅकबर्नसाठी ‘बी’ असते. तो दिव्याखाली तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही. मी तासभर त्या दोन ट्यूबा टेबललॅम्पखाली फिरवत बसलो होतो. काच कोरी होती. पैसे परत मिळाले नाहीत.

दुकानात आज नव्या खोक्यात मिळणारी मुलार्ड किंवा टंग-सोल ही जुन्या कारखान्यांची नव्हे. ती नावे न्यू सेन्सर या अमेरिकन कंपनीकडे आहेत आणि ट्यूबा रशियातील साराटोव्ह येथे बनतात. त्यांत वाईट काही नाही, माझ्याकडेही आहेत. फक्त नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. स्लोव्हाकियात बनणाऱ्या जेजेच्या ट्यूबाही दणकट असतात. जुना मालच हवा असेल, तर भारतात राहणाऱ्यांनी आधी घराजवळ बघावे. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी स्वतः ट्यूबा बनवत असे, आणि त्यांच्या ईसीसी८३ला इकडे परदेशातही गिऱ्हाईक आहे.

मोजून बघा, कोल्हापूर

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि गिटार वाईट वाजवतो, तेव्हा पहिल्या गोष्टीचा आधार घेऊन दुसऱ्या गोष्टीवर बोलतो.

ट्यूबच्या प्रकाराने फरक पडतो, हे गणितानेच सिद्ध होते. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो एकाच प्रकारच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्यूबांविषयी. आम्ही तिघा मित्रांनी एकदा गिटारचा कोरा संकेत ध्वनिमुद्रित करून ठेवला, आणि तोच संकेत एकाच ॲम्पमधून तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या १२एएक्स७ बदलत पुन्हा पुन्हा वाजवला. मायक्रोफोन जागचा हलवला नाही आणि आवाजाची पातळी दर वेळी सारखी केली. ट्यूब कोण बदलतो आहे, हे ऐकणाऱ्याला दिसत नव्हते. बारापैकी माझी पाच उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी सरासरीने चार आली असती. आमच्यातील ज्याने सर्वांत महाग ट्यूब आणली होती, त्याची तीन आली, आणि त्यानंतर त्याने चहा घेतला नाही.

त्याच दुपारी १२एवाय७ घातली, तेव्हा ती तिघांनीही पहिल्या फटक्यात ओळखली. मग व्हॉल्यूम वाढवून पातळी सारखी केली. फरक कमी झाला, पण जोरात छेडलेल्या सुरांवर तो राहिला. खर उशिरा येत होती आणि हलकी होती. म्हणून माझे मत असे की प्रकार बदलण्यावर पैसे घाला, छापलेल्या नावावर घालू नका.

दुसरा मुद्दा स्पीकरचा, ज्याबद्दल वर कोणी फारसे बोललेले नाही याचे आश्चर्य वाटते. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळतो, आणि आपल्याला टोचणारी चरचर त्याच सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहते. ही सीमा दर स्पीकरची वेगळी असते. ट्यूब बदलून मिळणाऱ्या फरकापेक्षा स्पीकर बदलून मिळणारा फरक कितीतरी मोठा असतो, आणि तो ओळखायला परीक्षा घ्यावी लागत नाही. त्यातच कमी संवेदनशील स्पीकर घेतला तर शेजाऱ्यांचाही प्रश्न थोडा हलका होईल: शंभर डेसिबलच्या स्पीकरऐवजी सत्त्याण्णवचा लावला, तर आवाजाच्या दृष्टीने ॲम्प निम्म्या वॉटचा झाल्यासारखेच आहे.

आणि एक गोष्ट ट्यूबभक्तांनी वाईट वाटून न घेता ऐकावी. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांचा अनेक वर्षांचा आवडता ॲम्प गिब्सनचा लॅब सिरीज एल५ होता, आणि त्यात एकही ट्यूब नाही. तो निव्वळ ट्रान्झिस्टरचा आहे. त्यांच्या सुरात ऊब नव्हती असे म्हणायला कोणी पुढे येत असेल, तर मी ऐकायला तयार आहे.

व्हॉल्व्हदुरुस्ती, दादर

कोल्हापूरच्या गुरुजींचा मुद्दा मान्य. फक्त एवढेच जोडतो की किंगसाहेब आवाज स्वच्छ ठेवून वाजवत आणि काम बोटांकडून करून घेत. रविवारच्या गिटारवाल्यांना कडेची खर हवी आहे, आणि खर कशी येते या प्रश्नात व्हॉल्व्ह येतोच.

नाशिकचा नवखा

मध्येच विचारतो, क्षमा असावी. माझ्याकडे फेंडरच्या १९६५च्या डिलक्स रिव्हर्बच्या धर्तीवरचा बावीस वॉटचा ॲम्प आहे, दोन ६व्ही६ आणि जीझेड३४ रेक्टिफायर असलेला. एडिसनकरांनी सांगितलेला दबाव मिळावा म्हणून त्यात ५वाय३ घालावी का?

व्हॉल्व्हदुरुस्ती, दादर

बसेल, चालेल आणि दबेलही, पण मी घालणार नाही. जीझेड३४ अडीचशे मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकतो, तर ५वाय३ची मर्यादा त्याच्या निम्मी, सव्वाशेची आहे. ॲम्प जोरात वाजला की तुमचे ६व्ही६ तिला सहज भिडतील. शिवाय व्होल्ट चाळीस-पन्नासने उतरले की बायस नव्याने लावावा लागतो, नाहीतर आवाज दबण्याऐवजी फाटका येतो. ५यू४ घालायला कोणी सांगेल, तर तेही ऐकू नका. त्याचा तापतंतू तीन अँपिअर खातो, जीझेड३४चा एक पूर्णांक नऊ, आणि हा जादा भार थेट पॉवर ट्रान्सफॉर्मरवर पडतो.

आपल्या ॲम्पमध्ये त्याऐवजी व्हायब्रॅटो चॅनेलचा पहिला व्हॉल्व्ह, म्हणजे दुसऱ्या सॉकेटमधला १२एएक्स७, काढून ५७५१ लावून पाहा. सॉकेट मोजताना पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून सर्वांत दूरचा तो पहिला, हे लक्षात असू द्या. अनेक जण उलट बाजूने मोजतात आणि मग काहीच फरक पडला नाही म्हणून लिहितात.

रविवारचा गिटारवाला, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगितलेले एकेक करून पाहिले.

मास्टर पूर्ण वर आणि व्हॉल्यूम साडेतीनवर नेल्याबरोबर चरचर गेली. अक्षरशः पहिल्या सुराला गेली. ज्या आवाजासाठी मी मुलार्ड शोधत फिरत होतो त्यातला अर्धा आवाज सहा वर्षे याच खोक्यात होता, हे कळल्यावर थोडा वेळ मी गिटार मांडीवर ठेवून नुसता बसलो. अर्थात तो आवाज एवढा मोठा होता की खालच्या मजल्यावरच्या आजींनी वर येऊन ‘घरात काही कार्य आहे का’ असे विचारले. म्हणून ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडायचा, आवाज खाली आणणारा आठ ओहमचा ॲटेन्युएटर एका मित्राकडून उसना आणला आहे. तो फार दाबला तर आवाज मंद होतो, पण एक-दोन पायऱ्यांवर गोलाई टिकते.

मग ५७५१ आणि १२एवाय७ अशा दोन्ही नव्या ट्यूबा मागवल्या. आलेली पहिली ५७५१ बसवून, व्हॉल्व्हकाकांच्या पिढीतील एका गृहस्थांनी शिकवल्याप्रमाणे, पेन्सिलीच्या मागच्या रबरी टोकाने तिच्या काचेवर हलकेच टिचकी मारली, तर स्पीकरमधून टणत्कार झाला आणि त्यामागून देवळातल्या घंटेसारखी लांब घुमणारी शेपटी आली. जुन्या १२एएक्स७वर तशीच टिचकी मारली असता नुसते ‘टक्’ ऐकू आले होते. ती ५७५१ परत पाठवली आणि बदली आलेली शांत निघाली. १२एवाय७ने माझ्या ॲम्पमध्ये आवाज फारच सभ्य झाला. नेक पिकअपवर तर शब्द ओठांतच राहिल्यासारखे वाटले. ५७५१वर मात्र हलक्या हाताने वाजवले की सूर स्वच्छ राहतो आणि जोर दिला की कडेला खर येते. ती अजून शिकागोची नाही, पण तव्याची तर नक्कीच नाही.

एक शंका उरली आहे. रात्री दिवे मालवून पाहिले, तेव्हा दोन ईएल८४पैकी डावीच्या आत, तापतंतूच्या नेहमीच्या केशरी उजेडाशिवाय, प्लेटच्या पत्र्यावर मंद तांबडी झाक दिसली. घरातील विजेचा दाब मोजला तर २४६ व्होल्ट आहे. आमच्या भागात ओळखीच्या एका तंत्रज्ञांनी ॲम्प उघडून आकडे घेतले: प्लेटवर ३३० व्होल्ट, उजवीतून २८ मिलिअँपिअर आणि डावीतून ३९. बायस फिरवण्याची सोय या ॲम्पमध्ये नाही, असे ते म्हणाले.

व्हॉल्व्हदुरुस्ती, दादर

आधी हे वाचून झाल्यावर ॲम्प बंद करा आणि ती जोडी पुन्हा वापरू नका.

हिशेब साधा आहे. ३३० व्होल्टला ३९ मिलिअँपिअरने गुणले की १२.९ वॉट होतात. ईएल८४च्या प्लेटची मर्यादा १२ वॉटची आहे, आणि या धाटणीच्या ॲम्पमध्ये शांत असताना तिच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेआठ वॉटच्या जवळपास राहावे, असा रिवाज आहे. उजवा सव्वानऊवर आहे, तो चालून जाईल. डावा मात्र स्वतःला भाजून घेतो आहे. पत्रा तांबडा दिसणे याचा अर्थच तो. दोघांमध्ये अकरा मिलिअँपिअरचा फरक असल्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूही सारख्या ओढल्या जात नाहीत, आणि तुमच्या खालच्या सुरांत गुळगुळीतपणा कमी वाटत असेल, तर त्याचे एक कारण हेही असू शकते.

विजेच्या दाबाचा यात हात आहे. ॲम्प २३० व्होल्टसाठी बांधलेला असेल, तर २४६वर तुमचा ६.३ व्होल्टचा तापतंतू ६.७च्या वर जातो. तेवढे तो सोसतो, पण प्लेटचे व्होल्टही त्याच प्रमाणात चढतात आणि बायस कायमचा असल्याने सगळा ताण व्हॉल्व्हवर येतो. साधा स्टॅबिलायझर लावलात तर व्हॉल्व्हचे आयुष्य वाढेल. ट्वीडच्या काळातले ॲम्पही आज भिंतीतून जास्त व्होल्ट मिळाल्याने कर्कश वाजतात, अशी तक्रार अमेरिकेतसुद्धा ऐकू येते. तिकडे त्या काळी भिंतीत ११७च्या आसपास असायचे, आता १२०च्या वर असतात.

तुमच्या आठ हजारांतले उरलेले पैसे मुलार्डवर नव्हे, नव्या ईएल८४च्या जुळवलेल्या जोडीवर घाला. मागवताना विक्रेत्याला सांगा की बायस कायमचा आहे, तेव्हा कमी प्रवाह ओढणारी जोडी द्या. चांगले विक्रेते खोक्यावर प्रवाहाचा आकडा लिहून देतात. बायसचा रोध बदलून प्रवाह खाली आणता येतो, पण ते सोल्डरचे काम आहे आणि चॅसिसमध्ये हात घालायला मी आपल्याला सांगणार नाही.

रविवारचा गिटारवाला, पुणे

ॲम्प बंद केला आहे. जोडी मागवली आहे, गुरुवारपर्यंत येईल. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने ॲम्प घेऊन दादरला आलो तर चालेल का? रोधाचे काम आपल्याच हातून झालेले बरे.

व्हॉल्व्हदुरुस्ती, दादर

या. अकरानंतर या, त्याआधी मी पाणी भरण्यात असतो. ॲम्प प्रवासात आणताना सगळे व्हॉल्व्ह काढून वेगवेगळ्या कापडात गुंडाळा आणि कोणता कुठल्या सॉकेटचा ते कागदावर लिहून ठेवा. गिटारही आणा, आणि तो तांबडा होणारा ईएल८४ टाकून देऊ नका, मला टेस्टरवर लावून बघायचा आहे.